जालन्याच्या घरात हे यंत्र कशासाठी?

जालन्यात नवा बंगला बांधणाऱ्यांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. घर हवाबंद बांधा, खिडक्यांना रबरी पट्ट्यांच्या यूपीव्हीसी चौकटी बसवा, खोलीखोलीत एसी लावा, आणि आत कोंडलेली हवा बदलण्यासाठी हीट रिकव्हरी व्हेंटिलेशनचं, म्हणजे एचआरव्हीचं यंत्र छताखाली टांगा. सल्ला देणारे शिकलेले असतात, परदेशातली घरं पाहून आलेले असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला आपल्या जिल्ह्यासाठी चुकीचा आहे. तो ऐकणारा माणूस आयुष्यभराची कमाई घरात घालत असतो, म्हणून ही चूक सविस्तर दाखवणं मला गरजेचं वाटतं.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून फिरवतो. ही गोष्ट अजूनही कितीतरी घरांत ठाऊक नसते. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. आई, वडील आणि एक मूल रात्री दार-खिडक्या लावून झोपले, तर झोपेतला माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत ४२०च्या आसपास असतो. बंद खोलीत दर तासाला त्यात हजारेक भागांची भर पडते. फटींतून थोडी हवा ये-जा करते, त्यामुळे आकडा सरळ चढत जात नाही, तरी पहाटेपर्यंत तो दोन-तीन हजारांच्या पुढे जातो. सकाळी डोकं जड होतं, झोप झाली असूनही अंग मोडून येतं, त्यामागे हे एक कारण असतं. म्हणजे ताजी हवा हवीच. खिडकी उघडावी तर विकत घेतलेला गारवा बाहेर जातो आणि ४१ अंशांची हवा आत येते. एचआरव्ही इथे मध्यस्थी करतं. आतली शिळी पण थंड हवा आणि बाहेरची ताजी पण तापलेली हवा पातळ पत्र्यांच्या दोन बाजूंनी जाते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडची तिकडे होते. बाहेरची हवा त्यामुळे बरीच निवून घरात येते.

यातली पहिली दोन पावलं बरोबर आहेत. तिसरं घसरतं, कारण जालन्यात हे यंत्र नेमकी किती उष्णता अडवतं हा आकडा कुणी कागदावर मांडत नाही. तो मी पुढे मांडतो.

हे यंत्र कुठे वाढलं ते पाहिलं की त्याचा स्वभाव कळतो. १९७३च्या तेलसंकटानंतर कॅनडात घर गरम ठेवण्याचा खर्च भारी पडू लागला. तिथल्या सस्कॅचवान प्रांतात, रेजायना शहरात १९७७ साली एक प्रायोगिक घर बांधलं गेलं. जाड भिंती, फटी बुजवलेल्या, आणि जाणाऱ्या हवेतली ऊब येणाऱ्या हवेला देणारं यंत्र. पुढे जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात वोल्फगांग फाइस्ट यांनी १९९१ साली ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धतीची पहिली चार जोडघरं उभी केली. त्या पद्धतीत अशा यंत्रानं जाणाऱ्या हवेतली निदान ७५ टक्के उष्णता परत मिळवली पाहिजे, असा दंडक आहे. रेजायनात हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत उतरतो. बाहेर उणे २० आणि घरात २१ असेल, तर फरक ४१ अंशांचा. आणि तो दिवसरात्र, महिनोन्महिने. अशा ठिकाणी हे यंत्र म्हणजे गरजच. विनिपेग किंवा म्युनिकजवळ घर घेणाऱ्या मराठी कुटुंबानं ते जरूर बसवावं, त्यावर दोन पैसे जास्त खर्च करावेत.

आता जालना. चार माणसांचं, हजार चौरस फुटांचं घर. माणशी सेकंदाला साडेसात लिटर ताजी हवा धरली तर घराला ३० लिटर लागते. मे महिन्यात सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत बाहेर सरासरी ४१ अंश आणि आत एसीनं राखलेले २६, म्हणजे फरक १५चा. एक घनमीटर हवा एका अंशानं तापायला सुमारे १.२ किलोज्यूल लागतात. गुणाकार केला तर ताज्या हवेबरोबर घरात येणारी उष्णता निघते ५४० वॅट. यंत्रानं त्यातली ७५ टक्के अडवली तर ४०५. पण ही काही वाचलेली वीज नव्हे. चांगला एसी एक युनिट विजेत साडेतीन युनिटांइतकी उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे वाचलेली वीज ११५ वॅट. यंत्रात दोन पंखे सतत फिरतात, ते मिळून ६० वॅट खातात. हाती उरले ५५ वॅट. आठ तासांत अर्ध्या युनिटाहूनही कमी. युनिटला १२ रुपये धरले तरी दिवसाला पाच-सव्वापाच रुपये. मार्चमध्ये सुरू झालेला उन्हाळा मृगापर्यंत ९० दिवस धरू. वर्षाची बचत पाचशे रुपयांच्या आत.

अंबड रस्त्यावर घर बांधणाऱ्या एका स्नेह्यांना मिळालेला प्रस्ताव मी पाहिला आहे. यंत्र, नळ्या, जाळ्या आणि बसवणूक धरून आकडा सव्वादोन लाखांचा होता. माझा हिशेब दुपटीनं चुकला असं माना, चौपटीनं चुकला असं माना. तरी ज्या वर्षी ही रक्कम वसूल होईल ते वर्ष त्यांच्या नातवंडांनाही दिसणार नाही. आणि यात फिल्टरचा खर्च मी धरलेलाच नाही. फिल्टरच्या एका जोडीची किंमत वर्षभराच्या बचतीपेक्षा जास्त असते.

यावर उत्तर येतं की हे यंत्र फक्त दुपारसाठी नाही, ते चोवीस तासांचं आहे. मग रात्र पाहू. मराठवाड्याच्या पठारावर निसर्गानं एक मोठी सवलत ठेवली आहे: दिवस कितीही तापो, मध्यरात्रीनंतर हवा उतरते. मे महिन्यातही दिवस आणि पहाट यांत चौदा-पंधरा अंशांचा फरक पडतो. रात्री अकराला बाहेर वारा सुटलेला असतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती मात्र आत उष्णता ओकत असतात. त्या वेळी घराला एकच गोष्ट हवी असते, आतली उष्णता बाहेर जाऊ देणं. उष्णता परत मिळवणारं यंत्र त्या वेळी त्याच्या धर्माप्रमाणे नेमकं उलट करतं. बाहेर जायला निघालेली ऊब ते पकडतं आणि येणाऱ्या गार हवेला देऊन घरात परत आणतं. चांगल्या यंत्रांत यावर उपाय असतो. रात्री हवा पत्र्यांना वळसा घालून थेट आत यावी म्हणून बायपासची झडप असते. पण स्वस्त यंत्रांत ती नसते, आणि जिथे असते तिथेही इतकाच प्रश्न उरतो की थेट हवाच आत घ्यायची तर खिडकीनं काय बिघडवलं होतं?

हिवाळ्याचं तर बोलायलाच नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारापर्यंत येतो, दुपारी अठ्ठावीसला जातो. आपण घरात हीटर लावत नाही. दुपारी दार उघडतो, ऊन आत येतं. परत मिळवावी अशी विकतची ऊब घरात नसतेच. पावसाळ्यात आत-बाहेरचं तापमान जवळपास सारखं असतं, त्रास असतो दमटपणाचा. साध्या एचआरव्हीचे पत्रे फक्त उष्णता अडवतात, बाष्प अडवत नाहीत. बाष्पही काही प्रमाणात अडवणारं यंत्र वेगळं, त्याला ईआरव्ही म्हणतात, आणि ते आणखी महाग. प्रस्तावांत ही दोन नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेली दिसतात. विकणाऱ्यालाच फरक सांगता येत नसेल, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवावं.

धुळीचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो जालनेकरांच्या फुप्फुसांचा आहे. इथे भंगार वितळवून सळ्या ओढणारे कारखाने आहेत, जिनिंग आहेत, उखडलेले रस्ते आहेत. २०१९ साली केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या महाराष्ट्रातल्या शहरांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर जालन्याचंही नाव आहे. औद्योगिक वसाहतीच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या बाईला ‘खिडक्या उघडा’ असं सांगणं सोपं आहे. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी पुन्हा काळसर थर तिलाच पुसावा लागतो. तिला गाळलेली हवा मिळालीच पाहिजे. पण गाळण्याचं काम फिल्टर करतो, उष्णतेचे पत्रे करत नाहीत. फिल्टर बसवलेला एक पेटीपंखा बाहेरची हवा गाळून आत ढकलतो. तीस-चाळीस वॅटचा पंखा, एक पेटी, भिंतीत एक भोक. आत हवा भरत राहिली की घरातला दाब बाहेरच्याहून जरासा वाढतो आणि फटींतून हवा बाहेरच जाते, धूळ आत घुसत नाही. एचआरव्हीत याच्या उलट घडू शकतं. त्यात एक पंखा हवा आणतो, दुसरा काढतो, दोघांचा तोल राखायचा असतो. आपल्याकडच्या धुळीनं हवा आणणाऱ्या बाजूचा फिल्टर आधी चोंदतो. आणणारी हवा कमी पडते, काढणारी तितकीच राहते, आणि कमी पडलेली हवा घर दारांच्या-खिडक्यांच्या फटींतून ओढून घेतं, न गाळलेली. जर्मनीत जो फिल्टर सहा महिने टिकतो, तो जालन्यात एप्रिलच्या वावटळींत महिन्याला उघडून पाहावा लागेल. कोण पाहणार? छताखालच्या पीओपीच्या आत, शिडी लावून, चार स्क्रू काढून?

त्याच प्रस्तावाच्या बैठकीत स्नेह्यांच्या आईनं एकच प्रश्न विचारला होता: “लाईट गेली की मग कसं करायचं?” सल्लागार म्हणाले, “आजी, इन्व्हर्टर असतो ना.” आजींचं समाधान झालं नाही, माझंही नाही. मे महिन्यात जालन्यात वीज जाते. वादळानं तार तुटली तर तासन् तास जाते. हवाबंद घराच्या खिडक्या नकाशावरच कमी केलेल्या असतात, असतात त्यांतल्याही निम्म्या न उघडणाऱ्या काचेच्या असतात. यंत्र थांबलं की अशा घरात बसवत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत कोरड्या उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश एवढी उघडी जागा मागितलेली आहे, ती उगाच नाही. यंत्र बसवायचं असेल तर बसवा, पण त्यासाठी खिडकी बुजवू नका.

मुळात सगळी चर्चाच चुकीच्या जागी चालली आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जालन्यातलं घर ताज्या हवेनं तापत नाही, ते छतानं तापतं.

रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावून पाहा. पंखा चालू असतो, सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, आणि तळहाताला तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीची धग लागते. पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत ते खोलीत सोडतं. उघड्या स्लॅबवरचा राखाडी सिमेंटचा पृष्ठभाग दुपारी साठ अंशांच्या वर जातो. अशा स्लॅबमधून दुपार-संध्याकाळी दर चौरस मीटरला पन्नासेक वॅट उष्णता आत येते, असं सावधपणे धरू. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. गुणाकार साडेचार किलोवॅटच्या पुढे जातो. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो. म्हणजे सगळं घर थंड ठेवायचं म्हटलं तर सव्वा टनाहून जास्त ताकद एकट्या छताशी झुंजण्यातच जाते. एचआरव्ही काय अडवत होतं? ४०५ वॅट. एकाला दहाहून जास्त असा हा फरक आहे, आणि सव्वादोन लाख त्या एकावर खर्च करायला सांगितलं जात आहे.

छताचे उपाय महाग नाहीत आणि नवेही नाहीत. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात मारला की पृष्ठभागाचं तापमान दहा अंशांहून जास्त उतरतं. धुळीनं तो मळतो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा मारावा लागतो. दोन माणसांचं एका दिवसाचं काम, खर्च काही हजारांचा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चायना मोझॅकचे पांढरे तुकडे. आपले गवंडी हे काम डोळे मिटून करतात. त्याहून चांगलं हवं असेल तर गळतीचं काम करतानाच स्लॅबवर दोन इंची फोमचे कठीण तक्ते घालून वर कोबा करावा. उष्णतेचा ओघ मग पाचपटीनं कमी होतो. २०१८च्या डिसेंबरात केंद्रानं ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छताची मर्यादा स्पष्ट आहे: एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाता कामा नये. आपला उघडा स्लॅब याच्या तिप्पट जाऊ देतो. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी प्रकल्पांसाठी ही संहिता आहे. लहान बंगला तिच्या बाहेर राहतो, पण ऊन काही भूखंडाचं माप पाहून पडत नाही. आणि ज्यांच्याकडे खरंच दोन लाख बाजूला काढलेले आहेत त्यांनी गच्चीवर तीन किलोवॅटची सौर पॅनेलं बसवावीत. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. वीज मिळते आणि पॅनेलांच्या सावलीत तेवढी गच्ची निवांत राहते.

इथे मला दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही वाद घालावा लागतो. एचआरव्हीला विरोध केला की ते लगेच म्हणतात, आमच्या आजोबांच्या माळवदाच्या घरात काय कमी होतं? घनसावंगी, परतूर, मंठ्याच्या खेड्यांत अजून अशी घरं उभी आहेत. हात-दीड हात रुंदीच्या भिंती, लाकडी सरे, त्यांवर चिपा आणि वर मातीचा जाड थर, मध्ये उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं साणं. दुपारी आत शिरलं की जिवाला बरं वाटतं, हे खरं. दुपारचं ऊन माती ओलांडून खाली पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री घरातली माणसं माळवदावर झोपायला गेलेली असतात. पण तेच माळवद दर पावसाआधी नव्यानं माती मागायचं, गळायचं, विंचू-काट्याचं भय ठेवायचं, आणि चुलीचा धूर साण्यापर्यंत पोचायच्या आधी बायकांच्या डोळ्यांत जायचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत याच जड छतांनी आणि दगड-मातीच्या भिंतींनी झोपलेल्या माणसांना गाडलं. जवळपास आठ हजार माणसं गेली. त्या पहाटेनंतर मराठवाड्यातल्या कुणाला ‘माळवदाकडे परत चला’ असं सांगण्याची माझी छाती होत नाही. सळई आणि काँक्रीट आपण डोळसपणे स्वीकारलं. चूक झाली ती एवढीच, की छत बदलताना त्याच्यावरची जाड माती काढली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. साणं बुजवलं आणि वरून हवा जायला दुसरी वाट दिली नाही.

आणखी एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटते. जालन्याच्या घराघरात हवा बदलणारं यंत्र आधीपासून आहे: कूलर. तो बाहेरची हवा ओल्या गवतातून किंवा जाळीतून ओढून खोलीत लोटतो, तासाला कित्येक वेळा खोलीतली सगळी हवा बदलतो. बाहेर ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या कूलरमधून २६-२७ अंशांची हवा येते, आणि वीज लागते एसीच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्श्याची. तरी लोक तक्रार करतात की कूलरनं चिकचिक होते. होते, कारण समोरची खिडकी बंद असते. कूलर आत लोटतो तेवढी हवा बाहेर जायला वाट पाहिजे. एक उदबत्ती पेटवून कूलरच्या समोरच्या भिंतीवरच्या खिडकीच्या फटीजवळ धरा. धुराची रेघ सरळ बाहेर ओढली गेली तर वाट बरोबर आहे. धूर तिथेच घुटमळला तर खिडकी आणखी चार बोटं उघडा. धूर आत वळला तर वारा उलटा आहे, दुसरी खिडकी शोधा. एवढ्यानं कितीतरी घरांतली चिकचिक जाईल. कूलरला पाणी लागतं, दिवसाला घागरींनी लागतं, आणि नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ही अडचण मी लहान मानत नाही. पण एसीला वीज लागते आणि ती औष्णिक केंद्रात तयार होताना तिथेही पाणी उडतंच. मृगाचा पाऊस पडल्यावर कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा पंखा आणि उघडी खिडकी पुरते.

मग त्या तीन माणसांच्या बंद खोलीचं काय? तिच्यासाठी सव्वादोन लाख नकोत. दारावरची झडप, जी आपण एसीची हवा जाते म्हणून प्लायनं बंद करतो, ती बोटभर उघडी ठेवावी आणि खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरातला छोटा एक्झॉस्ट मंद गतीनं चालू ठेवावा. तो शिळी हवा काढतो, झडपेतून बाकी घरातली हवा येते. थोडा गारवा जातो. किती, तो हिशेब वर केलाच आहे, रात्री तर तो फारच कमी. मध्यरात्रीनंतर एसी बंद करून खिडकी उघडता आली तर उत्तम. जाळीचं दार बसवलं तर डासांची सबबही राहत नाही.

स्वयंपाकघराचं दु:ख मात्र वेगळं आहे आणि ते सगळ्यांत मोठं आहे. मिरच्यांच्या ठेच्याला फोडणी पडली की घरभर ठसका उठतो. तेलकट धूर एचआरव्हीच्या नळ्यांत सोडता येत नाही, पत्रे चिकटतात. म्हणून तिथे वेगळा पंखा लागतोच, हे यंत्र विकणारेही मान्य करतात. तो पंखा बहुतेक घरांत आहे, पण त्याच्यावरच्या पट्ट्या तुपकट काजळीनं एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या उघडतच नाहीत. पंखा नुसता आवाज करतो. कोमट पाण्यात सोडा घालून त्या पट्ट्या धुवा, प्रत्येक पट्टी बोटानं हलते का ते बघा. घरातली हवा सुधारण्याचं याहून मोठं काम जालन्यात दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही.

यंत्राला सरसकट नकार देणं हा माझा हट्ट नाही. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, एसी दिवसरात्र चालवावाच लागतो, घर कारखान्यांच्या धुराच्या पट्ट्यात आहे आणि छताचं काम आधीच चोख झालं आहे. अशा घरानं ईआरव्ही घ्यावं. घेताना विक्रेत्याकडून कागदावर लिहून घ्यावं: दोन्ही पंखे मिळून किती वॅट खातात, बायपास आहे का, फिल्टर कुठल्या दर्जाचा आणि त्याची जोडी केवढ्याला, तो शिडीशिवाय काढता येतो का, बाष्प किती टक्के अडतं, आणि बिघडलं तर माणूस कुठल्या गावाहून येणार. पुण्याहून येणार असेल तर त्याच्या फेरीचे पैसेही आधी विचारावेत.

पण ही यादी ज्यांना उपयोगी पडेल अशी घरं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला भाड्याच्या खोल्यांची रांग पाहा. वर लोखंडी पत्रा, समोर एक दार, मागे खिडकी नाही. रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करून आलेला कामगार तिथे सकाळी नऊला झोपतो. मी वर रात्रीच्या गार वाऱ्याचं एवढं कौतुक केलं, ते त्याच्या वाट्याला येत नाही. रात्रभर तो भट्टीसमोर असतो आणि पत्रा तापायला लागतो तेव्हा त्याची झोप सुरू होते. त्याच्या खोलीत हवा बदलण्याचा प्रश्न बंगल्यातल्या प्रश्नापेक्षा कितीतरी पटींनी तातडीचा आहे, आणि त्यावर एकाही सल्लागारानं प्रस्ताव काढलेला नाही. पत्र्याला वरून पांढरा लेप, खालून बांबूच्या तट्ट्या, मागच्या भिंतीत वर जाळीचं भोक आणि पत्र्याच्या उंच कडेला वाऱ्यानं फिरणारा घुमट बसवायला मालकाला एका महिन्याच्या भाड्याहून फार जास्त खर्च येणार नाही.

खेड्यांतही वेगळी स्थिती नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या निकषानं सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर निदान २५ चौरस मीटरचं व्हावं लागतं. एका बंगल्यातल्या हवेच्या यंत्राला याच्या जवळपास दुप्पट पैसे मागितले जात आहेत. घरकुलावर एक तर उघडा स्लॅब असतो नाही तर पत्रा; छताला उन्हापासून वाचवण्यासाठी त्या पैशांतून काही उरत नाही. तेलंगणानं २०२३ साली शीत छतांचं धोरण जाहीर केलं आणि सरकारी व व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केलं. १९५६ पर्यंत आपण त्याच हैदराबाद राज्यात होतो, ऊन तेच आहे. जालन्याला २०२३ साली महापालिका मिळाली आहे. बांधकाम परवान्याच्या अर्जात छताच्या लेपाची अट घालणं तिच्या हातात आहे. जिल्हा परिषदेनं घरकुलाच्या अंदाजपत्रकात चुन्याच्या लेपाची आणि मागच्या भिंतीतल्या जाळीची वेगळी ओळ घालावी, आणि ती पुढचा मार्च उजाडण्याच्या आत घालावी.